उंबऱ्यापाशी कोण बसतं? चार पुस्तकं आणि आपला गट

पुढच्या बैठकीला एक काम करा. प्रार्थना झाली, हजेरी झाली, की वह्या उघडायच्या आधी सतरंजीकडे नीट बघा. कोण कुठे बसलंय? अध्यक्षा आणि सचिव पंख्याखाली, भिंतीला टेकून. त्यांच्या बाजूला त्यांच्या भावकीतल्या. मधे बोलक्या बाया. आणि सतरंजी संपते तिथे, उंबऱ्यापाशी, एक-दोघी. त्या काही उशिरा येत नाहीत, तरी तिथेच बसतात. सही नाहीतर अंगठा देतात, बचत देतात, चहा झाला की पेले गोळा करतात आणि निघतात. "तुमचं काय म्हणणं, ताई?" असं विचारलं की हसून म्हणतात, "तुम्ही ठरवाल ते."

वहीत त्यांचं नाव आहे, बचत आहे, पासबुकात नोंद आहे. पण त्या गटात आहेत का? आणि नसतील, तर चूक कुणाची, त्यांची की आपली?

या प्रश्नावर मराठी बायकांनी फार चांगली पुस्तकं लिहून ठेवली आहेत. कथा-कादंबऱ्या नव्हेत, स्वतः जगलेलं आणि पाहिलेलं. त्यातली चार आज सांगते. चारही पुस्तकांत एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने येते: माणसांत आपली जागा मिळवायला आपण पुढे यावं लागतं हे खरं, पण आधीच बसलेल्यांनीही सरकावं लागतं.

पुस्तकांचं इथे काय काम?

तुम्ही म्हणाल, आमचा गट बचतीचा, कर्जाचा. पुस्तकं कशाला मधे?

आपल्याकडे म्हण आहे, लेकी बोले सुने लागे. घरात ती टोमण्यासाठी वापरतात. पुस्तकही तसंच काम करतं, फक्त त्यात टोमणा नसतो. गटातल्या कुणाला तोंडावर सांगितलं, "तू तिला बोलू देत नाहीस," तर भांडण होईल, पुढच्या बैठकीला निम्म्या बाया यायच्या नाहीत. पण फलटणच्या नाहीतर रत्नागिरीच्या बाईची हकिकत वाचली, तर कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. जिचं तिला कळतं. कुणी रागावत नाही आणि विषय मात्र सतरंजीवर येतो.

पहिलं पुस्तक: स्मृतिचित्रे

लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत आलं. लक्ष्मीबाई १८६८ सालच्या, नाशिककडच्या. शाळेत गेल्या नाहीत. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा कवी, विद्वान, पण घरात पाय न ठरणारा. १८९५ मध्ये त्याने मुंबईत ख्रिस्ती धर्म घेतला आणि बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. कडक सोवळ्यात वाढलेली बाई. आता ना सवाष्णीत धड, ना विधवेत. कुणाच्या पंगतीत बसायचं? नातेवाइकांनी सांभाळलं, पण आपण कुणाच्या आहोत हा प्रश्न काही सुटेना. काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या.

मग परत संसार सुरू झाला, पण एका दिवसात मन बदललं असं नाही. आधी त्यांनी आपलं सोवळं, आपलं पाणी, आपली चूल वेगळी ठेवली. हळूहळू स्वतःशीच विचार करत एकेक गाठ सोडली आणि १९०० मध्ये स्वतःच्या मर्जीने तो धर्म घेतला. हे सगळं त्यांनी इतक्या हसत सांगितलंय की वाचताना आपणही हसतो आणि मग एकदम गप्प होतो.

मैत्रिणींनो, धर्म कोणता हा इथे मुद्दा नाही. आपल्याला घ्यायची गोष्ट ही, की नव्या माणसांत रुळायला वेळ लागतो आणि तो वेळ द्यावा लागतो. नवी सून, नवी भाडेकरू, माहेरी परत आलेली लेक पहिल्या महिन्यात मोकळी होईल अशी आशा धरू नका. ती बाजूला बसते म्हणजे तिला गर्व आहे असं नसतं. तिच्या मनात अजून गाठी सुटायच्या असतात.

दुसरं पुस्तक: जिणं आमुचं

हे बेबीताई कांबळे यांचं. जन्म १९२९, आजोळ पुरंदर तालुक्यातलं वीरगाव, पुढचं आयुष्य फलटणला गेलं. तिथे नवरा-बायकोने छोटंसं दुकान टाकलं. सामान बांधायला रद्दी यायची, ती रद्दी बेबीताई वाचून काढायच्या. वाचता वाचता लिहू लागल्या. पण घरात कळलं तर खैर नाही, म्हणून लिहिलेल्या वह्या कितीतरी वर्षं लपवून ठेवल्या. १९८२ मध्ये ते लिखाण 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये त्याचं पुस्तक झालं.

नावाकडे लक्ष द्या. 'जिणं माझं' नाही, 'जिणं आमुचं'. बेबीताईंनी स्वतःची कमी आणि सगळ्या महारवाड्याची हकिकत जास्त सांगितली आहे. उपासमार, गावाने दिलेली अपमानाची वागणूक, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ऐकून बाया कशा उठल्या, मुलं शाळेत कशी घातली, ते सगळं. पण त्यांनी फक्त बाहेरच्यांना बोल लावला नाही. आपल्याच घरात सासू सुनेला कशी छळते, बाईच बाईला कशी दाबते, तेही स्वच्छ लिहिलं. आपल्या माणसांवर माया ठेवून त्यांची चूक सांगणं सोपं नसतं. शिकून वर गेलेले मागच्यांना विसरले, हेही त्यांनी बजावलं. आणि नुसतं लिहून थांबल्या नाहीत, फलटणजवळ मागास मुलांसाठी आश्रमशाळा चालवली.

या पुस्तकातून आपल्या गटाने स्वतःला विचारावं: जिला आधी कुणी दाबलं होतं, ती आता खुर्चीवर बसल्यावर दुसरीला दाबत नाही ना? गटात जुन्या झालेल्या बायांनी हे जरा जास्तच मनावर घ्यावं. मी स्वतःलाही त्यात धरते.

तिसरं पुस्तक: आयदान

हे तर आपल्या कोकणातलंच. उर्मिला पवार यांचं, २००३ सालचं. त्यांचं गाव रत्नागिरीजवळचं फणसवळे. वडील शिक्षक, ते लवकर गेले. मग आईने बांबूच्या टोपल्या, सुपं विणून मुलं वाढवली. त्या विणकामाच्या वस्तूंना तिकडे आयदान म्हणतात. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत सूप, रोवळी, टोपली असते. ती कुणाच्या हातची, हे आपण कधी विचारत नाही.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच खेड्यातल्या बाया डोक्यावर ओझं घेऊन डोंगर उतरतात, रत्नागिरीच्या बाजाराला जातात. हे वाचलं की आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात, "आम्ही पण अशाच जायचो की पनवेलच्या बाजाराला, भाजीच्या हाऱ्या घेऊन!"

पुढे उर्मिलाताई लग्न होऊन मुंबईला आल्या. नोकरी, मुलं, घर सांभाळत एम.ए. केलं. घरातून कुरबुर झाली, तरी शिकल्या. सभांना जाऊ लागल्या. तिथे त्यांना दिसलं ते सगळ्यांनी कान देऊन ऐकण्यासारखं आहे. स्त्रियांच्या संघटनेत गेलं तर तिथे जातीचा विषय कुणी काढायचं नाही. दलित चळवळीत गेलं तर तिथे बायकांचं दुःख कुणी काढायचं नाही. दोन्हीकडे त्यांना अर्धीच जागा. मग त्यांनी दोन्ही ठिकाणं सोडली का? नाही. त्या दोन्हीकडे बोलत राहिल्या. मीनाक्षी मून यांच्यासोबत गावोगाव फिरून, आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या बायांना शोधून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. ते पुस्तक 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ मध्ये आलं. स्वतःला जागा मिळत नव्हती, तर विसरलेल्या पुष्कळ बायांना त्यांनी जागा करून दिली.

गटाला घेण्यासारखं काय? एखादी बाई एकाच वेळी बरंच काही असते. ती बाई आहे, अमुक जातीची आहे, भूमिहीन आहे, कदाचित एकटी आहे. आपण तिला "तू आपल्यातलीच" म्हणतो आणि तिचं निम्मं दुःख दाराबाहेर ठेवायला लावतो. तसं करू नये.

चौथं पुस्तक: जेव्हा माणूस जागा होतो

गोदावरी परुळेकर यांचं हे पुस्तक १९७० चं. त्याला १९७२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गोदावरीबाई पुण्याच्या, कायदा शिकलेल्या. त्या काळच्या ठाणे जिल्ह्यात डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात वारली आदिवासींमध्ये जाऊन राहिल्या. पाड्यापाड्यांवर पायी फिरल्या, त्यांच्यात जेवल्या, झोपडीत झोपल्या. आधी बोलल्या कमी, ऐकलं जास्त.

तिथे तेव्हा वेठ होती, म्हणजे जमीनदाराकडे फुकट राबणं. आणि लग्नगडी होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. किती वर्षं? कर्ज फिटेपर्यंत. कर्ज कधी फिटणार? हिशेब सावकाराच्या वहीत, वाचणाराही तोच. म्हणजे कधीच नाही. १९४५ मध्ये उंबरगाव तालुक्यात झरी गावाला हजारो वारली जमले आणि ठरवलं, वेठ करणार नाही. पुढे दडपशाही झाली, गोळीबार झाला, माणसं मेली, पण वेठ आणि लग्नगडी मोडली.

बचत गटाच्या बाईला हे पुस्तक दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळेल. कारण आपला सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा आहे: हिशेबाची वही आपल्या हातात आणि वाचून दाखवायची सगळ्यांसमोर.

हे पुस्तक वाचलं त्या दिवशी काय झालं

आता आमच्या भागातली गोष्ट. गटाचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही.

त्या गटात एक कातकरी ताई होती. उंबऱ्यापाशी बसणारी. पावसाळ्यात नियमित यायची, दिवाळी झाली की गायब. मग थेट पावसाच्या तोंडावर उगवायची. गटाचा नियम होता, गैरहजेरीला दर बैठकीला दहा रुपये दंड. बैठक आठवड्याला. सहा महिन्यांचे दोनशे साठ रुपये दंडाचे, शिवाय थकलेली बचत. दोन वर्षं हेच चाललं होतं. "हिला शिस्त नाही, हिचं नाव कमी करा," असं बाया बोलू लागल्या होत्या. नियमाने बघितलं तर त्यांचं चुकत नव्हतं.

एका बैठकीत आम्ही लग्नगडीचा भाग मोठ्याने वाचला. वाचून झालं, सगळ्या गप्प. मग उंबऱ्याकडून आवाज आला, "आमचं अजून तसंच हाय."

ती बोलू लागली. पावसात घरात दाणा नसतो. तेव्हा वीटभट्टीवाल्याचा मुकादम येतो, उचल देतो. उचल घेतली की दिवाळीनंतर नवरा, बायको, पोरं सगळी भट्टीवर. विटा किती पाडल्या, किती पैसे वळते झाले, हे वही बघेल त्याला माहीत. हिशेबाच्या दिवशी बहुतेक वेळा काहीतरी बाकी निघतंच. मग पुढच्या वर्षी परत. "मी बैठकीला कशी येऊ? भट्टी सोडून मुकादम यायला देईल काय? इथं आली की आधी दंड मागता. म्हणून बोलत नाय."

दोन वर्षं ती आमच्यात होती आणि ती सहा महिने कुठे असते, हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. सावकारीतून सोडवायला निघालेल्या आमच्या गटाने तिच्या अंगावर आणखी एक देणं चढवलं होतं, तेही शिस्तीच्या नावाखाली.

त्या दिवशी नाही, पण पुढच्या दोन बैठकांत चर्चा झाली. सगळ्यांना पटलं असं नाही. एक ताई म्हणाली, "आज हिला सूट, उद्या सगळ्या मागतील." तिचंही ऐकून घेतलं. शेवटी ठराव झाला. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या सभासदाला त्या महिन्यांचा दंड नाही. बचत परत आल्यावर एकदम किंवा हप्त्याने द्यायची. आणि पावसाळ्यात, मुकादम यायच्या आधी, तिचा कर्जाचा अर्ज पहिला घ्यायचा. त्या वर्षी तिने गटातून पाच हजार उचलले. भट्टी सुटली का? नाही सुटली. पण मुकादमाकडून घेतलेली उचल कमी झाली, आणि ती किती घेतली, कधी घेतली, हे तिने आपल्या मुलीकडून एका वहीत लिहून ठेवलं. आता ती उंबऱ्यापाशी बसत नाही. दाराजवळ वारा लागतो म्हणून कधी बसलीच, तर तिथूनही बोलते.

हे पुस्तकाने केलं असं मी म्हणणार नाही. केलं तिने आणि गटाने. पुस्तकाने फक्त तोंड फोडलं.

पनवेलमध्ये हा विषय जास्त महत्त्वाचा का?

आपला तालुका बघा. १९७० मध्ये सिडको आली. पनवेल, उरण, ठाणे तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला. २०१६ मध्ये पनवेलची महापालिका झाली, कितीतरी गावं तिच्यात गेली. विमानतळासाठी कोंबडभुजे, तरघर, चिंचपाडा अशी गावं उठली, २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटनही झालं. शेत गेलं, खाडी गेली. पण त्याबरोबर शेजारही मोडला, आणि शेजाराचा मोबदला कुठल्या कागदावर मिळत नाही.

दुसरीकडे नवी माणसं आली. घाटावरची, मराठवाड्याची, खानदेशची, परप्रांतातली. आगरी, कोळी, कराडी, कातकरी, ठाकूर आणि आता हे सगळे, एकाच रस्त्यावर. "ती भाड्याने राहते, उद्या उठून जाईल, तिला गटात कशाला?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. कर्ज बुडेल ही भीती खोटी नाही, त्याला नियम लावता येतात. पण ज्यांची स्वतःची गावं उठली, त्या आपण दुसऱ्या उठून आलेल्या बाईला दारात उभं ठेवायचं का, हे बोलून बघायला हवं.

गटात वाचन कसं करायचं?

खर्च नाही, फार वेळही नाही. दहा मिनिटं पुरतात.

१. हजेरी झाल्यावर, व्यवहाराच्या आधी वाचा. शेवटी ठेवलं तर सगळ्यांचं लक्ष घरच्या चुलीकडे.

२. एकदा दोन-तीन पानंच. वाचणारीने घरी आधी एकदा वाचून यावं. गटात कुणाला नीट वाचता येत नसेल तर नववी-दहावीतल्या लेकीला बोलवा. तिलाही कळू दे.

३. वाचताना कुणाकडे वळून बघायचं नाही. हा नियम सगळ्यात मोठा. या पुस्तकांत जातीचं, मारहाणीचं, भुकेचं स्पष्ट लिहिलंय. त्या वेळी दहा जणींचे डोळे एकीकडे वळले, तर ती परत कधी यायची नाही.

४. वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारा: "असं आपल्याकडे होतं का?" जिला बोलायचं ती बोलेल. जबरदस्ती नको. दोन मिनिटं सगळ्या गप्प बसल्या तरी घाबरू नका.

५. बैठकीत बोललेलं बैठकीत राहील. घरी, नळावर, भावकीत न्यायचं नाही. इतिवृत्तात फक्त ठराव लिहायचा, कुणाची हकिकत नाही.

"मना वाचाया नाय येत, मी काय करू?" असं म्हणणाऱ्या मावशींसाठी एक गोष्ट. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्यांना गाणी सुचायची, ती घरच्यांनी उतरवून घेतली. त्या डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. ऐकणं आणि सांगणं हेही वाचनच. मावशींनी आपल्या आठवणी सांगाव्यात, कुणीतरी तरुण सुनेने लिहून घ्याव्यात.

पुस्तकं कुठे मिळतील? पनवेल शहरात के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे किंवा आपल्या जवळच्या ग्रंथालयात सभासद होण्याचे नियम, वर्गणी आणि अनामत विचारून घ्या. गावच्या शाळेत, कॉलेजात जाणाऱ्या मुलांकडेही चौकशी करा. नाहीतर ग्रामसंघाने चारातलं एक पुस्तक विकत घ्यावं आणि ते महिना-महिना एकेका गटाकडे फिरवावं. वहीत नोंद ठेवा, म्हणजे पुस्तक हरवणार नाही.

सुरुवात कुठल्या पुस्तकाने? हसत सुरू करायचं तर स्मृतिचित्रे. आपलं कोकण बघायचं तर आयदान. आणि गटात उंबऱ्यापाशी कुणी बसत असेल, तर कुठल्याही पुस्तकाने करा, पण त्याआधी तिला म्हणा, "अगं, आत ये." आणि म्हणताना आपण जरा सरका. नुसतं "ये" म्हटलं आणि जागाच केली नाही, तर ती बिचारी बसणार कुठे?